नद्यांचा डोंगर कुठून आला? मेरू, काँग आणि आपला ब्रह्मगिरी

रविवारी नाशिकमध्ये आम्ही पाच-सहा जण फासे टाकून फँटसीचा खेळ खेळतो. त्यासाठी एक जग रचलंय आणि त्याचा नकाशा माझ्या गळ्यात पडला. मधोमध एक उंच डोंगर, त्यातून चार दिशांना चार नद्या, प्रत्येक नदीवर एक राज्य. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "हा डोंगर ढापला कुठून?" मी म्हटलं, मनातून. ही शुद्ध थाप होती. हा डोंगर कोणाच्याच मनातून येत नाही, तो फार जुना आहे. त्याचीच ही पार्श्वभूमी.

आपल्याकडचा मूळ पुरुष म्हणजे मेरू. पुराणांतली मापं ऐकण्यासारखी आहेत: जमिनीवर ८४,००० योजनं (योजन हे अंतराचं जुनं माप) उंच, जमिनीखाली १६,०००. पायथ्याला रुंदी १६,००० आणि माथ्यावर त्याच्या दुप्पट, ३२,०००. म्हणजे खाली निमुळता, वर पसरट. असा डोंगर उभा कसा राहणार, हा प्रश्न पुराणकारांना पडलेला दिसत नाही, आणि पडू नयेच. हा डोंगर म्हणजे जगाच्या कमळाचा मधला गाभा आहे. माथ्यावर ब्रह्मदेवाची नगरी. विष्णूच्या पायापासून निघालेली गंगा चंद्रबिंबाला भिजवून या नगरीभोवती उतरते आणि तिचे चार प्रवाह होतात: पूर्वेला सीता, दक्षिणेला अलकनंदा, पश्चिमेला चक्षू, उत्तरेला भद्रा. आपल्या वाट्याला, म्हणजे भारतवर्षाला, अलकनंदा आली. माझ्या नकाशातली चार राज्यं इथलीच, फक्त नावं बदललेली.

ही कल्पना एकट्या आपली नाही. अवेस्तात, म्हणजे पारश्यांच्या धर्मग्रंथात, हरा नावाच्या महापर्वताच्या शिखरावरून अनाहिता ही जलदेवता उतरते आणि वोउरुकश समुद्राला मिळते. बायबलमधल्या एदेन बागेतून एक नदी निघते आणि तिच्या चार होतात. त्यातल्या दोन तैग्रिस आणि युफ्रेटिस, म्हणजे नकाशावर बोट ठेवता येईल अशा. तिबेटमध्ये तर कैलास-मानसरोवराच्या परिसरातून खरोखरच चार नद्या निघतात: सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्णाली. तिबेटी लोक त्यांना अनुक्रमे सिंहाच्या, हत्तीच्या, घोड्याच्या आणि मोराच्या मुखातून आलेल्या मानतात. एका तळ्यातून चौघी वाहतात असं मात्र नाही. उगम जवळजवळ आहेत, एवढंच. पण माणसाला एवढं पुरतं.

आतापर्यंत हा डोंगर श्रद्धेचा होता. मला जास्त गंमत वाटते ती पुढच्या टप्प्याची, कारण तिथे तो मोजणी खात्याच्या माणसाने काढला. जेम्स रेनेल हा बंगालचा सर्व्हेअर जनरल, हिंदुस्थानच्या नकाशांसाठी नावाजलेला. विलायतेत परतल्यावर त्याने मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशाच्या आफ्रिकेतल्या प्रवासाचे नकाशे तयार केले. नायजर नदी पूर्वेकडे वाहते हे पार्कने डोळ्यांनी पाहिलं होतं. मग ती दक्षिणेला समुद्राकडे का वळत नाही? मध्ये डोंगर असणार! १७९८ साली रेनेलने पश्चिम आफ्रिकेत काँग पर्वतांची लांबच लांब रांग काढली. नदीच्या वागण्याचं कारण हवं होतं म्हणून डोंगर आला. पुढची नव्वदेक वर्षं एका नकाशावरून दुसऱ्या नकाशावर ही रांग उतरत गेली. १८८७ ते १८८९ या काळात फ्रेंच अधिकारी बेंजे तिथे जाऊन आला आणि त्याने सांगितलं, इथे अशी पर्वतरांग नाहीच. नायजर तर शेवटी दक्षिणेलाच वळून गिनीच्या आखातात पडते. रेनेलला हसायचं कारण नाही. फँटसीचे नकाशे काढणारे आपण सगळे तेच करतो: आधी राज्य, मग त्याला नदी, मग नदीला डोंगर.

अशा नकाशांवर जाणकारांचा ठरलेला आक्षेप असतो, की नद्या फुटत नाहीत, एकमेकींना मिळतात. समुद्राजवळच्या त्रिभुज प्रदेशाचा अपवाद सोडला तर हे बरोबर आहे. दक्षिण अमेरिकेतली कासिक्वियारे नदी ओरिनोको नदीचं पाणी अमेझॉनच्या खोऱ्यात नेते आणि १८०० मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुंबोल्ट तिच्यातून प्रवास करून आला. पण असे प्रकार विरळाच. डोंगर एका नदीचे चार तुकडे करत नाही. तो पाऊस वाटून देतो. हे समजायला नाशिककराला आफ्रिका-अमेरिकेला जायची गरज नाही, त्र्यंबकची एस.टी. पुरे.

ब्रह्मगिरी सुमारे १,३०० मीटर उंच. पुराणांच्या भाषेत आपल्या नद्या 'सह्यपादोद्भवा', सह्याद्रीच्या पायाशी जन्मलेल्या. कथा घरोघरची आहे: गौतम ऋषींच्या हातून गाय मेली, पाप फिटावं म्हणून त्यांनी तप केलं, शंकराने जटा आपटल्या आणि गंगा अवतरली, तीच आपली गोदावरी. पण ती सरळ वाहिली नाही. वर दिसली, गडप झाली, गंगाद्वारला गोमुखातून आली, पुन्हा गेली, शेवटी गौतमांनी कुशावर्तात दर्भाने तिला अडवली. नदीचं वाहतं पात्र दिसायला लागतं ते आणखी खाली, चक्रतीर्थाजवळ. हा लपंडाव कातळाने समजतो. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसलेत. काही भेगाळलेले, सच्छिद्र, काही घट्ट. पावसाचं पाणी भेगांतून मुरतं, घट्ट थराला अडतं आणि कड्याच्या बाजूने झरा होऊन बाहेर येतं. कथा रचणाऱ्यांनी डोंगर नीट पाहिला होता, हे नक्की.

याच डोंगररांगेच्या पूर्वेचं पाणी गोदावरी होऊन १,४६५ किलोमीटर चालतं आणि बंगालच्या उपसागराला मिळतं. अरबी समुद्र इथून अवघा ऐंशीएक किलोमीटर. पश्चिमेचं पाणी वैतरणेत जातं आणि ते मुंबई पिते. मेलेल्यांनी ओलांडायच्या वैतरणीशी नाव इतकं जुळणारी नदी जित्या शहराची तहान भागवते, हे मेरूच्या कर्त्यांनाही सुचलं नसतं. पाऊसही तसाच वाटलेला. घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, पुढे सिन्नर-येवल्याकडे त्याहून कमी. मेरूच्या चारी दिशांना सारखी गंगा. इथे मात्र ढग डोंगरावर रिकामे होतात आणि पलीकडच्यांनी नदीकडे बघत बसायचं.

म्हणून मी नकाशा पुन्हा काढला. चार नद्यांच्या दोन केल्या, डोंगराच्या एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला माळ. आमच्यातला एक गडी मूळचा पैठणकडचा. पूर्वेचं राज्य त्याच्याकडे आहे. जायकवाडी भरलं नाही की नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं की नाही, यावरून काय होतं ते त्याने घरच्या बाजूने पाहिलंय. २००५ च्या कायद्यातलं समन्यायी वाटप, म्हणजे वरच्या-खालच्यांनी पाणी न्यायाने वाटून घ्यायचं, हे त्याला तोंडपाठ. नवा नकाशा पाहून त्याने ड्रॅगन कुठे राहतो ते विचारलंच नाही. डोंगराखालच्या राजधानीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथे धरण बांधलंय का, ते आधी सांग."