विमान एकच, सिनेमे दोन

‘बर्फात विमान पडतं तो सिनेमा पाहिलास का?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुठला? इंग्रजी की स्पॅनिश?

घटना एकच. १३ ऑक्टोबर १९७२ ला उरुग्वेच्या हवाई दलाचं विमान अँडीज पर्वतात कोसळलं. आत ४५ जण. बरेचसे माँटेव्हिडिओच्या एका रग्बी संघातले खेळाडू, त्यांचे मित्र नि नातलग. ७२ दिवसांनी परतले ते १६. मधल्या काळात त्यांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. ऐकणाऱ्याच्या डोक्यात तेवढंच राहतं, म्हणून दोन्ही सिनेमांची सरमिसळ होते.

‘अलाइव्ह’ १९९३ चा, फ्रँक मार्शलचा. यात उरुग्वेची पोरं फर्डं इंग्रजी बोलतात, वाचलेल्यांपैकी नांदो पारादो झालाय हॉलिवूडचा ईथन हॉक, आणि अँडीज म्हणून जो दिसतो तो कॅनडातला बर्फ. विमान कोसळण्याचा प्रसंग आजही पोटात गोळा आणतो, हे मान्यच. पण गोष्ट जगलेल्यांची आहे: कोण खंबीर राहिला, कोण खचला, डोंगर ओलांडून मदत कुणी आणली. मेलेल्यांपैकी काहींची तर नावंही बदललेली.

‘सोसायटी ऑफ द स्नो’ २०२३ चा, बायोनाचा. भाषा स्पॅनिश, बहुतेक नट उरुग्वे-अर्जेंटिनाचे. फरक विचारला की लोक हेच सांगतात. मला तो दुय्यम वाटतो. इथे गोष्ट सांगतो त्या विमानातला एक प्रवासी, नुमा तुरकाती. मांस तोंडात घालायला तो फार कचरतो. आपण धरूनच चालतो की हा वाचला असणार, नाहीतर सांगतोय कोण? आणि सुटका दहा-बारा दिवसांवर आलेली असताना नुमा मरतो. आवाज मात्र बोलतच राहतो. (पाहिला नसेल त्यांची माफी, पण हे न सांगता फरक सांगताच येत नाही.) कुणी गेलं की पडद्यावर त्याचं नाव आणि वय उमटतं. तेवढा वेळ सिनेमा त्याच्यापाशी थांबतो.

शेवटाकडे एक वडील वाचलेल्या सोळा जणांची यादी वाचून दाखवतात. ती भूमिका केली आहे कार्लितोस पायेसनं. १९७२ साली त्या यादीत त्याचं स्वतःचं नाव होतं, आणि ती वाचली होती त्याच्या वडिलांनी.