‘मधली पानं गळली आहेत’ म्हणून पुस्तक परत आणण्याआधी

‘लाथारियो दे तोर्मेस’ ही जुनी स्पॅनिश कादंबरी, हे पुस्तक नेलेले बरेच ग्राहक आठ दिवसांत तेच घेऊन दुकानात येतात. तक्रार एकच, चौथं प्रकरण छापायचं राहिलंय.

राहिलेलं नाही, ते आहेच जेमतेम अर्धं पान. एक मठवासी साधू लाथारोला, म्हणजे मालकामागून मालक बदलत जगणाऱ्या नायक पोराला, आयुष्यातले पहिले जोडे देतो, ते आठ दिवसही टिकत नाहीत, आणि ‘आणखी काही बारीकसारीक कारणांनी, जी मी सांगत नाही’ पोरगा नोकरी सोडतो. टोमणा त्या न सांगण्यातच आहे. सहावं प्रकरणही तेवढंच. कॅथेड्रलच्या पाद्र्याच्या गाढवावरून चार वर्षं पाणी विकायचं, रोज 30 माराव्हेदी (तेव्हाची स्पॅनिश नाणी) पाद्र्याला, शनिवारची कमाई आपली. अंगावर जुना का होईना भल्या माणसाचा पोशाख आणि कमरेला तलवार आली, की गाढव परत! आधीच्या तीन प्रकरणांत भूक ऐसपैस मांडलेली असते, म्हणून हे तुटक वाटतं.

पान खरंच गळलंय का, हे आकडे पाहून कळतं. फर्मा (एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा) सुटला असेल तर पृष्ठांक एकदम 8 किंवा 16 ने उडी मारतो आणि वाक्य अर्ध्यावर तुटतं. तसं असेल तर प्रत बदलून देतो, विनातक्रार. आकडे सलग असतील तर मात्र परत घेत नाही. आधीच्या तक्रारींत पानं सगळी शाबूत पण कणा मोडलेला, अशा प्रती आमच्या गळ्यात पडल्या आहेत.

खरी काटछाट वेगळी. 1554 साली निनावी निघालेलं हे पुस्तक 1559 मध्ये इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, बंदी-यादीत गेलं आणि 1573 मध्ये कात्री लावून पुन्हा निघालं. चौथं प्रकरण गेलं, पाचवंही गेलं. पाचव्यात पापमाफीचे दाखले खपवणारा फिरता विक्रेता शिपायाशी संगनमत करून भर चर्चमध्ये खोटा चमत्कार घडवतो. कापलेली संहिता 19व्या शतकापर्यंत छापली जात होती, त्यामुळे जुनी प्रत कुठूनही घेतलीत तरी साधू आणि दाखलेवाला दोघं आहेत ना, ते आधी बघा. आम्ही 1554 च्या संहितेवरचीच आवृत्ती ठेवतो, तळटीपांसह. किंमत थोडी जास्त पडते ती त्यामुळे.

‘गुथमान दे आल्फाराचे’ ही मातेओ आलेमानची याच धर्तीची स्पॅनिश कादंबरी मागवताना दुसरा भाग 1604 चाच मागा. 1602 चा भाग आलेमानचा नाही, दुसऱ्याने घुसडलेला आहे.