‘सू’ गेलं म्हणतात, पण गेलं कुठे? नॉर्थ डकोटाच्या टीमच्या नावामागची भानगड

अमेरिकेच्या पार वरच्या टोकाला, कॅनडाच्या सीमेजवळ ग्रँड फोर्क्स नावाचं गाव आहे, तिथे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ डकोटा आहे आणि तिथे आइस हॉकी म्हणजे धर्म. मॅचच्या आधी राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे गप्प उभे असतात, आणि शेवटचा शब्द ‘ब्रेव्ह’ यायच्या जागी प्रेक्षकांतून एक दणदणीत ‘सू’ येतो. आता ज्या नावाने ही आरोळी ठोकली जाते ते टीमचं ‘फायटिंग सू’ हे नाव विद्यापीठाने २०१२ मध्ये अधिकृतपणे सोडलंय, त्याला दशक उलटून गेलं, आरोळी काही जात नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसलं प्रकरण.

(ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. स्पेलिंग लांबलचक असलं तरी उच्चार खरंच ‘सू’ असाच आहे, तिथल्या मूळ निवासींच्या एका मोठ्या समूहाचं बाहेरच्यांनी पाडलेलं नाव. ते लोक स्वतःला डकोटा, लकोटा असं म्हणवतात. म्हणजे राज्याचं नावसुद्धा त्यांचंच.)

तर हे ‘फायटिंग सू’ आलं कुठून? फॅन लोकांना विचारलं तर छातीवर हात ठेवून सांगतात की हा त्या शूर लोकांचा सन्मान आहे, आमची परंपरा आहे, वगैरे. खरी गोष्ट जरा गमतीची आहे. १९३० पर्यंत या टीमला ‘फ्लिकरटेल्स’ म्हणायचे. फ्लिकरटेल म्हणजे जमिनीत बिळं करून राहणारी, शेपटी उडवणारी तिकडची खार. आणि शेजारच्या फार्गो गावातल्या शेतकी कॉलेजने, म्हणजे कट्टर दुश्मनाने, नाव घेतलं होतं ‘बायसन’. आता खार विरुद्ध बायसन म्हणजे मॅचच्या आधीच हरल्यासारखं. मग विद्यार्थ्यांच्या पेपरातून टूम निघाली की बायसनला मारणारा कोण? सू! शिवाय लढवय्ये, धिप्पाड, आणि शब्द कसा छोटा, घोषणेत यमक जुळवायला एकदम सोपा. ही त्या वेळची कारणं. सन्मान हा शब्द नंतर चिकटला, सुरुवात झाली ती दुश्मन टीमच्या प्राण्याची शिकार कोण करेल या पोरकट हिशोबातून. मला तर हे सगळ्या वादातलं सगळ्यात महत्त्वाचं पान वाटतं आणि नेमकं तेच कोणी उघडत नाही.

पुढची चाळीसेक वर्षं कोणाला काही वाटलं नाही, म्हणजे ज्यांना वाटत असेल त्यांना विचारलंच नव्हतं. हॉकीच्या जर्सीवर तर बरीच वर्षं शिकागोच्या व्यावसायिक टीमचा, ब्लॅकहॉक्सचा, मूळ निवासीच्या चेहऱ्याचा लोगो उसना घेऊन लावलेला होता. परंपरा परंपरा म्हणतात ती ही अशी. १९६९ मध्ये स्टँडिंग रॉक रिझर्वेशनचे, म्हणजे सू लोकांसाठी राखून ठेवलेल्या एका प्रदेशाचे, काही ज्येष्ठ कॅम्पसवर आले, समारंभ झाला, विद्यापीठाच्या अध्यक्षांना त्यांनी मानाचं नाव दिलं. नावाचे समर्थक आजही हाच समारंभ दाखवून सांगतात की बघा, आम्हाला परवानगी मिळालेली आहे. विरोधक म्हणतात पाहुणे म्हणून आले आणि मानाचं नाव दिलं, टीमच्या जर्सीचा करार नव्हता तो.

मग १९७२ चा हिवाळा आला. कॅम्पसवर बर्फाच्या मूर्तींचा कार्निव्हल असायचा, त्यात एका फ्रॅटर्निटीने, म्हणजे पोरांच्या क्लबने, मूळ निवासी बाईची अश्लील मूर्ती उभी केली. मूळ निवासी विद्यार्थी जाब विचारायला गेले, मारामारी झाली. तिथपासून हा विषय कॅम्पसवर कायमचा आला. एकीकडे याच विद्यापीठाने १९७३ मध्ये मूळ निवासी मुलामुलींना डॉक्टर करण्यासाठी खास कार्यक्रम सुरू केला, तो आजही चालू आहे आणि नावाजलेला आहे, त्यामुळे हे विद्यापीठ सरसकट वाईट असं चित्र रंगवण्यात अर्थ नाही. पण तीच मुलं वर्गात शिकत असताना बाहेर काय चालायचं, तर फार्गोचे फॅन मॅचमध्ये ‘सू’ला उद्देशून घाणेरडी घोषणा द्यायचे. म्हणजे बघा, सन्मान तुम्ही करणार आणि शिव्या समोरचा देणार, आणि दोन्ही ज्यांच्या नावाने चाललंय ते मधल्यामध्ये.

आता यातलं खरं नाट्य. राल्फ एंगलस्टॅड. हा माणूस तरुणपणी याच विद्यापीठाचा गोलकीपर, नंतर लास वेगासमध्ये इंपीरियल पॅलेस नावाचा कसिनो काढून गडगंज झाला. त्याची ख्याती अजून एका गोष्टीसाठी होती, १९८० च्या दशकात त्याने कसिनोत हिटलरच्या वाढदिवसाच्या थीमवर पार्ट्या दिल्या होत्या, नाझी वस्तूंनी भरलेली खोली होती, आणि १९८९ मध्ये नेवाडाच्या जुगार नियंत्रकांनी त्यासाठी १५ लाख डॉलर दंड केला. तर अशा माणसाने आपल्या कॉलेजला हॉकीचं स्टेडियम बांधून द्यायचं ठरवलं, खर्च १० कोटी डॉलरच्या वर. बांधकाम निम्म्यात आलेलं असताना विद्यापीठाचे नवे अध्यक्ष चार्ल्स कुपचेला हे टीमच्या नावाचा फेरविचार करताहेत अशी कुणकुण त्याला लागली. डिसेंबर २००० मध्ये त्याने पत्र लिहिलं, मतितार्थ असा की नाव बदललंत तर मी काम थांबवतो, हीटिंग बंद करतो आणि ही इमारत थंडीत सडू देतो. नॉर्थ डकोटाची थंडी म्हणजे उणे वीस-पंचवीस, नुसती धमकी नव्हती ती. राज्याच्या उच्च शिक्षण मंडळाने त्याच महिन्यात ८ विरुद्ध ० मतांनी ठराव केला, नाव राहील. अध्यक्षांचा विचार करायचा अधिकारही गेला.

२००१ मध्ये स्टेडियम उघडलं. साडेअकरा हजारांच्या आसपास खुर्च्या, लेदरच्या, ग्रॅनाइटच्या फरश्या, अगदी राजवाडा. आणि जिथे नजर टाकाल तिथे सूचा लोगो, पिसं लावलेल्या मूळ निवासीचा चेहरा, हजारोंनी. खुर्च्यांच्या रांगांच्या टोकाला पितळेत, भिंतींवर, दारांवर, आणि प्रवेशदारी फरशीत जडवलेला तर अवाढव्य. उद्या कोणाच्या मनात आलं तरी काढायचा खर्च ऐकूनच गप्प बसतील अशी व्यवस्था. लोगो १९९९ चा, तो काढला होता बेनेट ब्रायन यांनी, ते स्वतः मूळ निवासी पण ओजिब्वे, म्हणजे सू लोकांचे जुने प्रतिस्पर्धी. दिसायला लोगो देखणा आहे हे विरोधकसुद्धा मान्य करतात आणि माझ्या मते हीच मोठी अडचण झाली, तो कार्टूनसारखा हिडीस असता तर सोडणं सोपं गेलं असतं. एंगलस्टॅड २००२ मध्ये गेला, इमारत त्याच्या कुटुंबाच्या ट्रस्टकडे राहिली.

ऑगस्ट २००५ मध्ये कॉलेज खेळांची सर्वोच्च संस्था, एनसीएए, मैदानात उतरली. १८ कॉलेजांची यादी काढली, ही नावं आणि चिन्हं अपमानकारक आहेत, ती ठेवली तर आमच्या स्पर्धांचे बाद फेरीचे सामने तुमच्या मैदानावर होणार नाहीत आणि त्या सामन्यांत ते चिन्ह अंगावर चालणार नाही. बंदी नव्हती, कोंडी होती. ज्यांच्याकडे संबंधित जमातीची संमती होती ते सुटले, फ्लोरिडा स्टेटच्या सेमिनोल्सना फ्लोरिडाच्या सेमिनोल जमातीने पाठिंबा दिला, युटाला युट लोकांनी. इलिनॉयने आपला पिसांचा टोप घालून नाचणारा ‘चीफ इलिनिवेक’ १९२६ पासून नाचवला होता, त्याचा शेवटचा नाच फेब्रुवारी २००७ मध्ये झाला, लोक रडले बिडले, पण बंद केला. नॉर्थ डकोटाने काय केलं? कोर्टात गेले. २००६ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलने एनसीएएवर केस टाकली आणि ऑक्टोबर २००७ मध्ये समझोता झाला: तीन वर्षांत स्पिरिट लेक आणि स्टँडिंग रॉक या दोन्ही सू जमातींची संमती आणा, नाहीतर नाव सोडा.

आणि इथे आपल्याला वाटतं तसं सरळ होत नाही. एप्रिल २००९ मध्ये स्पिरिट लेकच्या लोकांनी मतदान केलं आणि ६७ टक्क्यांनी नाव ठेवायच्या बाजूने कौल दिला! म्हणजे ‘मूळ निवासी विरुद्ध गोरे फॅन’ अशी सोपी मांडणी तिथेच कोसळते. काहींना खरंच अभिमान होता, टीव्हीवर आपलं नाव दिसतं याचा. पण स्टँडिंग रॉकची कौन्सिल अनेक वर्षं विरोधात होती आणि तिने मतदान घेतलंच नाही. तिथल्या समर्थकांनी सह्यांचे गठ्ठे जमवले, उपयोग शून्य. दोन्हीपैकी एकाची संमती पुरत नव्हती. एप्रिल २०१० मध्ये मंडळाने नाव सोडायचं ठरवलं.

संपलं? छे. मार्च २०११ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने चक्क कायदा केला की टीमचं नाव फायटिंग सूच राहील. कॉलेजच्या टीमचं नाव कायद्याने! गव्हर्नरने सही केली. ऑगस्टमध्ये गव्हर्नर आणि नेते मंडळी इंडियानापोलिसला एनसीएएच्या दारी गेली, काही सूट मिळते का बघायला, रिकाम्या हाताने परत. नोव्हेंबरमध्ये त्याच विधिमंडळाने तोच कायदा मागे घेतला. मग समर्थकांनी, यात स्पिरिट लेकचे लोक पुढे होते, सार्वमतासाठी सह्या गोळा केल्या, आणि नियमाप्रमाणे निकाल लागेपर्यंत जुना कायदा पुन्हा जिवंत झाला, म्हणजे फेब्रुवारी २०१२ मध्ये नाव परत आलं. वेबसाइटवाल्याने किती वेळा नाव लावलं-काढलं असेल देव जाणे.

१२ जून २०१२. राज्यभर मतदान. आणि निकाल काय, तर ६७ टक्के लोकांनी नाव सोडायच्या बाजूने मत दिलं. पुन्हा ६७, बरोबर उलट्या दिशेने. हे मत देणारे काही रातोरात जागे झाले नव्हते. विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघटनेनेच प्रचार केला होता, आणि मुद्दा सन्मान-अपमानाचा नव्हता, व्यवहाराचा होता. काही मोठी विद्यापीठं अशा नावाच्या टीमशी खेळायला तयार नव्हती, नुकतीच ज्या बिग स्काय लीगमध्ये जागा मिळत होती तिला हा घोळ नको होता, कोच सांगत होते की चांगली पोरं दुसरीकडे जाताहेत. फॅननी हिशोब मांडला, नाव की टीम, आणि टीम निवडली. मला यात ढोंग दिसत नाही. उलट इतकी वर्षं करोडपती, मंडळ, कोर्ट आणि विधिमंडळ ज्यावर अडून बसले ते मतपेटीत साध्या माणसांनी एका दिवसात मिटवलं. फक्त मत दिलं म्हणजे मनातून गेलं असं कोणी समजू नये.

पुढे अडीच वर्षं दुसरं नाव ठेवायलाच मनाई होती, डोकी थंड व्हावीत म्हणून. टीम नुसती ‘नॉर्थ डकोटा’ म्हणून खेळली आणि बऱ्याच जणांना तेच आवडायला लागलं, कारण मोकळी जागा असली की आपलं जुनं नाव मनातल्या मनात भरता येतं. हे ओळखूनच बहुतेक, २०१५ मध्ये नवीन नावासाठी मतदान घेताना ‘काहीच नाव नको’ हा पर्याय अध्यक्षांनी ठेवला नाही, त्यावरून परत बोंबाबोंब. उरलेल्यांत रफरायडर्स, नोडॅक्स, सनडॉग्स असली नावं होती, शेवटी नोव्हेंबरमध्ये ‘फायटिंग हॉक्स’ ठरलं. ससाणा. कोणाच्या भावना दुखावणार नाही आणि कोणाच्या भावना उचंबळणारही नाहीत असा पक्षी.

पाचच महिन्यांनी, एप्रिल २०१६ मध्ये, टँपाला हॉकीची फायनल झाली, नॉर्थ डकोटाने क्विनिपिॲकला ५-१ ने धुतलं, आठवं राष्ट्रीय विजेतेपद. हॉक्सच्या काळातलं पहिलं. आणि स्टँड्समध्ये बघावं तर हिरव्या-काळ्या जर्सींवर सगळीकडे तो जुना पिसांचा चेहरा. त्याआधी मे २०१४ मध्ये काही पोरांनी एका वसंतोत्सवाला याच लोगोतल्या माणसाला बिअर पाजणारे टी-शर्ट छापून घातले होते, ‘सू’ आणि ‘सुपर’ची कोटी करून, अध्यक्षांना जाहीर निषेध करावा लागला. म्हणजे नाव विद्यापीठाच्या हातून सुटलं की ते सन्मानवाल्यांच्याही हाती राहत नाही, ज्याला जे सुचेल ते.

स्टेडियममधले काही लोगो समझोत्याप्रमाणे काढले, पण फरशीतला राहिला, पितळेचेही बरेच राहिले, एनसीएएनेच नंतर अटी सैल केल्या कारण सगळं उखडायचं म्हणजे इमारतच उखडायची. एंगलस्टॅडने केलेली तजवीज मेल्यावरही कामाला आली. आणि सगळ्यात भारी भाग ट्रेडमार्कचा. लोगोवरचा हक्क सोडला तर उद्या कोणीही उठून तो टी-शर्टवर छापेल, आणि हक्क टिकवायचा तर अमेरिकन कायद्याप्रमाणे चिन्ह वापरात असलं पाहिजे. म्हणून विद्यापीठाने ‘डकोटा लेगसी’ नावाने त्या लोगोच्या मोजक्या वस्तू अधूनमधून विकायला काढल्या, दुसऱ्या कोणी विकू नयेत म्हणून. आणि त्या घ्यायला गिऱ्हाईकांची उडी पडली.