जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची की ट्रॅकवाली? टोकन देण्याआधी हे वाचा

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गॅरेजमध्ये महिन्याला दोन-तीन जण तरी हाच प्रश्न घेऊन येतात. मोबाईलमध्ये दोन गाड्यांचे फोटो असतात, एक जुनी, गोल हेडलाइट, क्रोमच्या पट्ट्या, लेदरची सीटं, आणि दुसरीला मागे भलीमोठी विंग, पुढे बकेट सीटं, आणि मागची सीट काढून तिथे रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून लावलेला पाइपांचा सांगाडा. बजेट एकच. दादा, कुठली घेऊ? आम्ही उलट विचारतो, वर्षभरात ही गाडी कुठे कुठे फिरणार ते आधी सांगा. गंमत म्हणजे बहुतेकांनी हा विचारच केलेला नसतो, ते हॉर्सपॉवर आणि शून्य ते शंभरचे आकडे पाठ करून आलेले असतात.

क्लासिक म्हणजे आम्ही इथे फक्त व्हिंटेज म्हणत नाहीये. रस्त्यावर चालवायला म्हणून बनवलेली जुन्या वळणाची स्पोर्ट्स कार, मग ती एमजीबी असो, जुनी पोर्शे ९११ असो, नाहीतर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची पोर्शे बॉक्स्टर किंवा बीएमडब्ल्यू झेड३. तिचं सस्पेन्शन खड्डा पचवतं, स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो, आणि ६० च्या स्पीडलाही चालवल्यासारखं वाटतं. ट्रॅकवाली म्हणजे रेसिंगच्या ट्रॅकवर पळवायची गाडी, पोर्शेच्या ९११ जीटी३ किंवा केमन जीटी४ सारखी कंपनीनेच तशी बनवलेली, किंवा कोणीतरी साधी गाडी घेऊन स्प्रिंग, ब्रेक, सीटं बदलून तयार केलेली. हिची मजा वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला भरपूर फेरे घेतं तेव्हा. जीटी३ चं ४ लिटरचं इंजिन ९,००० आरपीएमपर्यंत फिरतं, तो आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही, आम्हीही विसरलेलो नाही. पण दुसऱ्या गिअरमध्ये तिथपर्यंत नेलं की काटा १०० च्या पुढे गेलेला असतो, आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कारला सपाटीला १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी एवढे पैसे दिले ती रस्त्यावर तुम्हाला मिळतच नाही.

पोर्शेचंच एक उदाहरण आम्ही नेहमी देतो. १९७३ ची ९११ कॅरेरा आरएस २.७ ही रेसिंगच्या नियमात बसावी म्हणून बनवलेली गाडी, एकूण १,५८० बनल्या. त्यातल्या साधारण १,३०० गाड्या लोकांनी टूरिंग ट्रिममध्ये घेतल्या, म्हणजे नीट सीटं, कार्पेट वगैरे असलेल्या. अगदी सोलवटलेली लाइटवेट फक्त २०० लोकांनी घेतली. हे युरोपातले रस्ते असताना! २०१७ मध्ये जीटी३ लाही विंगशिवायचं टूरिंग पॅकेज आलं. ज्यांना दोन्हीतलं थोडं थोडं हवंय त्यांनी हा मधला रस्ता जरूर बघावा.

आता आपल्याकडे या. घोडबंदर रोड, गायमुखचा घाट, ठाणे-बेलापूर रोड, मधले पेव्हर ब्लॉकचे पॅच, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुमच्या स्वतःच्या सोसायटीचा बेसमेंटचा रॅम्प. पुढच्या बंपरखाली उभी मूठ जात नसेल तर ती गाडी रोज रॅम्पला घासणार हे धरून चाला. काही मॉडेल्सना पुढचं नाक उचलायची लिफ्ट सिस्टीम असते, ती असलेलीच गाडी शोधा. टोकन द्यायच्या आधी विकणाऱ्याला सांगा की गाडी एकदा आमच्या पार्किंगमध्ये उतरवून दाखव, तो का-कू करायला लागला तर काय समजायचं ते समजा.

टायरबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथे जिवाशी खेळ आहे. ट्रॅकवाल्या गाड्यांना सेमी-स्लिक टायर येतात, रबर मऊ, खाचा कमी. टायरच्या बाजूला ट्रेडवेअर म्हणून आकडा छापलेला असतो, तो जितका कमी तितकं साधारणपणे रबर मऊ आणि लवकर झिजणारं, मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट कप २ वर तो १८० आहे आणि घरच्या साध्या कारच्या टायरवर तीनशे-चारशे सहज दिसतो. कोरड्या गरम डांबरावर हे टायर जमिनीला चिकटून असतात, पण साचलेलं पाणी बाहेर फेकायला त्यांच्यात पुरेशा खाचाच नसतात. आमचा खारघरचा एक ग्राहक, समजूतदार माणूस, जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात पाम बीच रोडने घरी चालला होता, स्पीड काही फार नव्हता, एका ठिकाणी पाणी साचलेलं आणि गाडी होडीसारखी सरळ तरंगत डिव्हायडरला जाऊन लागली. माणूस सुखरूप, दोन रिम आणि एक सस्पेन्शन आर्म गेला. तो फोनवर एवढंच म्हणाला की मी स्टिअरिंग फिरवत होतो आणि काहीच होत नव्हतं. तेव्हापासून आम्ही सेमी-स्लिकवाल्या प्रत्येकाला पावसाळ्यासाठी साध्या टायरचा दुसरा सेट घ्यायलाच लावतो, आणि तो खर्च गाडीच्या किमतीतच धरा.

तीच गोष्ट ब्रेकची. ट्रॅकचे पॅड गरम झाले की मगच नीट धरतात, सकाळी थंड गाडी घेऊन ऐरोलीच्या सिग्नलला पहिला ब्रेक माराल तेव्हा गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाते, वर किंचाळतात ते वेगळंच. आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आपल्या दमट हवेत तर बघायलाच नको. डॉट ४ ऑइल नवीन असताना किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण त्यात पाणी मुरलं की तीच हद्द १५५ डिग्रीपर्यंत खाली येऊ शकते. रस्त्यावर हे कधी जाणवणार नाही, ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या लॅपला ऑइल उकळून पेडल तळाला जातं. म्हणून ट्रॅक डे, म्हणजे ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचा दिवस, त्याच्या आधी ब्रेक ऑइल बदलल्याशिवाय आम्ही गाडी देत नाही.

आणि ट्रॅक आहे कुठे? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे, कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे आहे, आणि ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट, ५.१२५ किलोमीटरचं, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. ठाण्याहून तिन्ही हजार किलोमीटरच्या पुढे. म्हणजे गाडी फ्लॅटबेडवर, गाड्या वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवर, चढवा, सुट्ट्या काढा, जास्तीचे पॅड आणि टायर सोबत न्या, एका वीकेंडचं हे सगळं प्रकरण आहे. वर्षातून तीन-चार वेळा हे मनापासून करणार असाल तर ट्रॅकवाली घ्या, आम्ही आनंदाने तयार करून देऊ. वर्षातून एकदा जाईन बहुतेक, असं उत्तर येत असेल तर नको.

इन्शुरन्सचं कलम लोक वाचतच नाहीत. प्रायव्हेट कारच्या पॉलिसीत गाडी कशासाठी वापरायची नाही ते लिहिलेलं असतं, त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग, स्पीड टेस्टिंग हे शब्द आहेत. ट्रॅकवर गाडी ठोकली तर क्लेम मिळेल अशा भरवशावर राहू नका. बदल केलेली गाडी असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवर जे स्पेसिफिकेशन आहे त्यापेक्षा वेगळे बदल चालत नाहीत, त्यामुळे इंजिन बदललेली, रोल केज वेल्ड केलेली गाडी घेताना पासिंगच्या वेळी काय होणार हे आधी विचारा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका, ट्रॅकसाठीच हवी असेल तर तसं आम्हाला पहिल्या दिवशी सांगा, म्हणजे रस्त्यासाठी एक आणि ट्रॅकसाठी एक अशा दोन गाड्या स्वस्तात कशा जमवायच्या तेही बोलता येतं.

आता क्लासिकची बाजू, कारण तीही काही साधी नाही. आपण खाडीकाठचे लोक, वाशी असो, ऐरोली असो नाहीतर कोलशेत, हवेत मीठ आहे आणि जुना पत्रा ते सोसत नाही. बाहेरून पेंट आरशासारखा आणि खालून चासीला बोट लावलं तर पापुद्रे हातात येतात अशा गाड्या आमच्या लिफ्टवर येऊन गेल्यात. एक छोटं मॅग्नेट पातळ फडक्यात गुंडाळून चाकांच्या वरच्या कमानी, दारांचा खालचा भाग, स्पेअर व्हीलचा खड्डा इथे लावून बघा, जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली असण्याची शक्यता जास्त.

पेट्रोलचं दुसरं. आता पंपावर ई२० मिळतं, २० टक्के इथेनॉल, आणि जुन्या गाड्यांचे रबरी होज, कार्ब्युरेटरची गॅस्केटं त्यासाठी बनलेलीच नव्हती, ती फुगतात, चिरतात, आणि गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय हे सांगायला नको. जुनी गाडी घेतली की पहिलं काम फ्युएल लाइन पूर्ण बदलायची, आजच्या इथेनॉलला चालणाऱ्या होजने, यात घासाघीस करू नका. मग रेडिएटर आणि फॅन, कारण माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये मे महिन्यात पाऊण तास उभं राहायचं तर जुनी कूलिंग सिस्टीम हात टेकते.

९९६ या पिढीची ९११ किंवा ९८६ या पिढीची बॉक्स्टर बघत असाल तर आयएमएस बेअरिंगचं, म्हणजे इंजिनच्या आतल्या एका शाफ्टच्या बेअरिंगचं, नाव ऐकलं असेल. ते फुटलं तर इंजिनच जातं. आम्ही काय करतो, ऑइल फिल्टर काढून त्याचा कागद कापतो, घडी उलगडून पांढऱ्या टॉवेलवर पसरतो आणि टॉर्च मारतो. बारीक चकाकणारा चुरा दिसला, आणि तो मॅग्नेटला लागला, तर आम्ही तिथेच थांबतो आणि तुम्हाला फोन करतो. हे तुम्ही समोर उभं राहून बघा, आम्हाला आवडेल.

कागदपत्रांत १५ वर्षं झालेल्या गाडीची आरसी पुन्हा रिन्यू झालीये का, ग्रीन टॅक्स भरलाय का, इंजिन आणि चासी नंबर आरसीशी जुळतात का, एवढं बघाच. गाडी ५० वर्षांच्या वरची आणि मूळ स्वरूपात असेल तर २०२१ च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी मिळते, व्हीए सिरीजचा नंबर, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण त्या नंबरवर रोजच्या कामाला गाडी काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठीच. ज्यांना दर रविवारी लोणावळ्याला नाश्त्याला जायचंय त्यांनी हे आधी समजून घ्या. आणि जुन्या गाडीचा इन्शुरन्स काढताना, ५ वर्षांच्या वरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, तुम्ही आणि कंपनी बोलून ठरवता, घसाऱ्याच्या ठरलेल्या टेबलातून येत नाही, त्यामुळे रिस्टोरेशनची बिलं आणि फोटो जपून ठेवा.

आमचं मत विचाराल तर ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या, पहिल्यांदाच असली गाडी घेणाऱ्या माणसाने चांगल्या अवस्थेतली रस्त्यावरची क्लासिक घ्यावी, वाचलेल्या पैशातून होज, बुश, ब्रेक, टायर नवीन करावेत, आणि एकदा तिलाच घेऊन कोइम्बतूरला जाऊन यावं. ताजं ब्रेक ऑइल आणि चांगले पॅड टाकले की ती गाडीही तुम्हाला कॉर्नर शिकवते, आणि कमी ताकदीच्या गाडीत चूक कळायला वेळ मिळतो. त्यातून ट्रॅकचं वेड लागलंच तर मग खुशाल जीटी३ बघा, तेव्हा तुम्हाला नेमकं काय हवंय ते माहीत असेल.

चेकिंगला गाडी आणायची असेल तर आदल्या रात्रीपासून बंद ठेवलेली आणा, म्हणजे शक्यतो फ्लॅटबेडवर, किंवा आम्हालाच विकणाऱ्याच्या पार्किंगमध्ये बोलवा, कारण थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जो धूर आणि जो आवाज येतो तो नंतर दिवसभर दिसत नाही. आरसी, जुनी सर्व्हिसची बिलं आणि दुसरी चावी सोबत ठेवा. पूर्ण तपासणीला अर्धा दिवस लागतो. चहा आमच्याकडे.