पाग : आमिषाचे मासे पकडण्याचे फेकजाळे

पाग म्हणजे हाताने फेकून पाण्यावर गोल पसरवायचे, कडेला शिसे ओवलेले जाळे. गळाने मोठे मासे धरणाऱ्याला बोय, तारली, कोळंबी असे जिवंत आमिष लागते. ते ताजे आणि थोड्या वेळात मिळवायला पागाइतके सोपे साधन नाही. जाळे फार जुने आहे. प्राचीन ग्रीक भाषेतले त्याचे नाव ‘अँफिब्लेस्ट्रॉन’, म्हणजे भोवती टाकलेले. जपानीत त्याला ‘तोआमी’ म्हणतात.

मधोमध शेंडीला एक कडे असते. मनगटात अडकवायची हातदोरी (साधारण २० ते ३० फूट) या कड्यातून आत जाते. तिच्या टोकाला फिरकी कडी आणि तिथून निघालेल्या बारीक ओढदोऱ्या असतात. या दोऱ्या जाळ्याच्या आतून कडेच्या शिसेदोरीला ठिकठिकाणी बांधलेल्या असतात. हातदोरी ओढली की त्या शिसेदोरीला आत खेचतात आणि पिशवीचे तोंड बंद होते. दुसऱ्या प्रकारात ओढदोऱ्या नसतात. शिसेदोर आत दुमडून खिसे केलेले असतात आणि मासे त्यांत अडकतात. आमिषासाठी पहिला प्रकार बरा, कारण शेंडीचे कडे धरून उचलले की जाळे खालून उघडते आणि मासे हात न लागता बादलीत पडतात.

पागाचे माप त्रिज्येत सांगतात. ८ फुटी पाग उघडला की १६ फूट व्यासाचा होतो. नवशिक्याने ५ किंवा ६ फुटीपासून सुरुवात करावी. वजन दर फूट त्रिज्येला साधारण अर्धा ते पाऊण किलो असावे, म्हणजे ८ फुटी जाळ्याला ४ ते ६ किलो. आसाचे, म्हणजे जाळ्याच्या एका छिद्राचे, माप घेताना घोटाळा होतो. एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंतचे अंतर ३/८ इंच असेल, तर तोच आस ताणून मोजला की ३/४ इंच भरतो. गाठ ते गाठ मोजून बोटाएवढ्या माशांना १/४ इंची आस, वीतभर माशांना ३/८ ते १/२ इंची. आस गरजेपेक्षा मोठा असला तर लहान मासे डोके घालून कल्ल्यांशी अडकतात. शेकडो मासे एकेक सोडवण्यात वेळ जातो आणि आमिष मरते. फार बारीक आसही तोट्याचा, कारण पाणी त्यातून सहज निघत नाही, जाळे सावकाश बुडते आणि थवा खालून निसटतो.

फेक गोल पडली की काम झाले असे बघणाऱ्याला वाटते. खरे तर पकड ठरते ती जाळे बुडताना. हातदोरी ताणली गेली की शेंडी वरच अडकते आणि शिसे खाली जाताना तोंड आवळत जाते. शेंडी पाण्याच्या पृष्ठभागावरच धरली गेली असे मानून हिशेब केला, तर ८ फुटी पागाच्या तोंडाचे क्षेत्रफळ ४ फूट खोलीवर मूळच्या ७५ टक्के, ६ फुटांवर ४४ टक्के आणि ७ फुटांवर जेमतेम २३ टक्के उरते. म्हणून दोरी सैल सोडावी, शेंडीलाही खाली जाऊ द्यावे, आणि त्रिज्येपेक्षा खोल पाण्यात फारशी आशा धरू नये. खोलात टाकायचेच असेल तर मोठ्या त्रिज्येचे आणि जड शिशाचे जाळे लागते.

फेकण्याच्या बऱ्याच पद्धती आहेत. उजव्या हाताने काम करणाऱ्याने हातदोरीचा फास डाव्या मनगटात घालावा आणि दोरीची वेटोळी त्याच हातात घ्यावी. शेंडी धरून जाळ्याच्या एकदोन घड्या घ्याव्यात, शिसे गुडघ्याच्या उंचीला लोंबू द्यावे. शिसेदोरीचा जवळचा भाग डाव्या कोपरावर टाकावा. काही जण तो दातांत धरतात. तसे करू नये, शिसे विषारी असते. मग लोंबणारा निम्मा घेर उजव्या हातात घ्यावा. अंग मागे वळवून झोक्याने पुढे आणावे आणि उजवा हात आडवा, बाहेरच्या बाजूला सोडावा. डावा हात पाठोपाठ सुटतो, कोपरावरचा भाग शेवटी आपोआप ओढला जातो. जोर खांद्याचा नको, कमरेच्या वळणाचा हवा.

जाळे केळ्यासारखे लांबट पडले तर घेर निम्मानिम्मा वाटला गेला नव्हता असे समजावे. एका बाजूला गोळा झाले तर आसांना पीळ होता किंवा एक हात उशिरा सुटला. अंगठी, घड्याळ, शर्टाची बटणे यांत आस अडकला तर फेक वाया जाते. नावेवर तोल जाऊन माणूसही पाण्यात ओढला जातो.

थवा हलता असेल तर त्याच्या पुढ्यात टाकावे. सावली पाण्यावर पडू देऊ नये. वारा पाठीशी घ्यावा. तळाशी खडक, शिंपल्यांचे थर किंवा बुडालेली फांदी असेल तिथे टाकू नये. अडकलेले जाळे झटक्याने ओढले की फाटते. दोरी सैल सोडून उलट्या दिशेने हळू सोडवावे. शिसे तळाला लागल्याचे दोरीत जाणवले की एकदा घट्ट खेचून तोंड बंद करावे आणि न थांबता ओढत आणावे. मध्येच ढील दिली की मासे पळतात.

पकडलेले मासे गोल टाकीत ठेवावेत, चौकोनी टाकीच्या कोपऱ्यात ते दाटून मरतात. हवेचा पंप चालू ठेवावा, पाणी पकडल्या जागेचे आणि थंड असावे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. कोरड्या हाताने धरले की खवले आणि अंगावरचा चिकट थर जातो, तसा मासा गळावर फार वेळ तग धरत नाही. पाणी फेसाळले की अर्धे बदलावे. नळाचे पाणी घालू नये, त्यातला क्लोरीन माशांना मारतो.

वापरानंतर जाळे गोड्या पाण्यात धुवावे आणि सावलीत वाळवावे, कारण उन्हाने नायलॉन ठिसूळ होतो. एका धाग्याचे जाळे कडक झाले तर कपडे मऊ करणाऱ्या द्रावणात थोडा वेळ बुडवून खळखळून धुवावे. फाटलेला आस त्याच दिवशी विणावा. त्रिज्या, आस आणि पकडण्याच्या जातींवर ठिकठिकाणी कायदेशीर मर्यादा असतात. जाळे विकत घेण्यापूर्वी त्या तपासाव्यात, कारण आस नंतर बदलता येत नाही.