कंपनी म्हणते ८ जीबी, आम्ही टाकतो १६: रॅम विकत घेण्याआधी वाचा

“साइटवर कमाल ८ जीबी लिहिलंय, मग तुम्ही १६ कशी टाकता?” थिंकपॅड एक्स२२० किंवा टी४२० घेऊन येणारा बहुतेक प्रत्येक जण हे विचारतो.

हे लॅपटॉप २०११ चे, रॅमचे स्लॉट दोन. तेव्हा लॅपटॉपसाठी सहज मिळायची ती ४ जीबीची रॅम. बे चोक आठ. आतला दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर मात्र १६ जीबीपर्यंत घेतो, हे इंटेलनेच दिलेलं आहे. त्याच वर्षीच्या मॅकबुक प्रोचंही असंच. अर्थात प्रत्येक मर्यादा अशी कागदी नसते. इंटेल ९४५ चिपसेटचा जुना लॅपटॉप ४ जीबी लावूनही साधारण ३ च वापरतो. तिथे आम्ही सरळ नाही म्हणतो.

खोळंबा होतो तो ऑनलाइन स्वस्तात मागवलेल्या रॅममुळे. ८ जीबी, प्रकार तोच (डीडीआर३), खाच जुळते, टक्कन बसतेही. आणि स्क्रीन काळी, नुसते बीप. रॅम खराब नसते, या प्रोसेसरसाठी चुकीची असते. पाकीट फोडण्याआधी फोटो मोठा करून दोन्ही बाजूंच्या काळ्या चिप मोजा. एकूण १६ हव्यात. आठच असतील तर सहसा एकेक चिप दुप्पट क्षमतेची असते, ती याला वाचता येत नाही. पाकीट एकदा फोडलं की विक्रेता परत घ्यायला कुरकुरतो आणि तुमचा आठवडा जातो. त्यापेक्षा आधी आम्हाला लेबलचा फोटो पाठवा. रॅम आमच्याकडून घेतली नाही तरी सांगू.

१६ लावूनही ८ च वापरात दिसत असेल तर विंडोज तपासा. ७ होम बेसिक ८ च्या पुढे जात नाही, ३२ बिट असेल तर ४ च्याही नाही.

“दहा मिनिटांचं काम, लॅपटॉप रात्रभर कशाला ठेवता?” स्क्रू आणि रॅम, खरंच दहा मिनिटं. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅममधल्या चुका शोधणारी तपासणी, चालते. मागे एका ग्राहकाने स्वतः आणलेली रॅम दिवसभर नीट चालली, पहाटे चुकांच्या लाल ओळींनी स्क्रीन भरली. ती तशीच दिली असती तर त्यांच्या हिशेबाच्या फायली बिघडल्यावरच कळलं असतं. तुमची रॅम असली तरी टेस्टचे पैसे घेतो, ते यासाठी. वॉरंटी मात्र आमच्या रॅमलाच.

येताना चार्जर आणा. काढलेल्या ४ जीबीच्या रॅम चालू असतील तर बिलातून वजा करू. आणि आत अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर आधी तिच्या जागी एसएसडी (वेगवान डिस्क) टाका, रॅमचं मग बघू.