मऊ प्रकाश आणि सपाट प्रकाश

विदर्भातील तालुक्याच्या गावी एखादा ग्राहक फॅशन मासिकातील चकचकीत पोर्ट्रेट मोबाइलवर दाखवतो आणि तसाच फोटो मागतो, तेव्हा बहुतेक छायाचित्रकार चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना फ्लॅशचा प्रकाश पसरवणाऱ्या, सारख्याच ताकदीच्या दोन छत्र्या उभ्या करतात. त्वचा स्वच्छ दिसते, पण नाक, गालाचे हाड आणि हनुवटी यांचा उठाव नाहीसा होतो. याचे कारण असे की मासिकातील प्रकाश मऊ असतो, आणि आपण त्याच्या जागी सपाट प्रकाश तयार केलेला असतो. या दोन्ही गोष्टी सावलीवरून ओळखता येतात. मात्र मऊपणा सावलीच्या कडेत पाहायचा असतो आणि सपाटपणा सावलीच्या गडदपणात.

सावलीची कड विरघळत जाणारी असेल तर प्रकाश मऊ, आणि रेषेसारखी कापलेली असेल तर कठीण. हे प्रकाशाचा स्रोत चेहऱ्याच्या जागेवरून किती मोठा दिसतो यावर ठरते. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे, पण तो सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. म्हणून मे महिन्यातील निरभ्र दुपारी माणसाची सावली धारदार पडते. त्याच नियमाने २ फुटांचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे समोर पांढरे कापड लावलेली दिव्याची पेटी, चेहऱ्यापासून २ फुटांवर असताना मऊ प्रकाश देतो आणि ८ फुटांवर नेला की बराच कठीण होतो. फ्लॅशवर लावायच्या छोट्या पांढऱ्या टोपीने स्रोत फारसा मोठा होत नाही. तिचा खरा उपयोग चुना लावलेल्या खोलीत होतो, कारण तेथे भिंती आणि छत प्रकाश परत फेकतात. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, काळवंडलेल्या छताखाली ती टोपी जवळजवळ निरुपयोगी ठरते.

सपाटपणा ठरतो तो प्रकाशाच्या दिशेवर आणि सावलीत दुसरीकडून किती प्रकाश भरला आहे यावर. कॅमेऱ्यावरचा उघडा फ्लॅश याचा उत्तम दाखला आहे: मागच्या भिंतीवर धारदार सावली पडते, म्हणजे प्रकाश कठीण आहे, आणि तरीही चेहरा सपाट दिसतो, कारण प्रकाश लेन्सच्याच दिशेने आलेला असतो. कठीण प्रकाशही सपाट असू शकतो, हे एकदा पटले की दोन छत्र्यांची अडचण आपोआप उलगडते. तेथे प्रत्येक छत्री दुसरीने पाडलेली सावली पुसून टाकते.

मासिकातील सौंदर्यचित्रांत वारंवार दिसणारी एक रचना मात्र फसवी आहे. तिच्यात मुख्य दिवा समोरून, डोळ्यांच्या बराच वर असतो आणि हनुवटीखाली पांढरा रिफ्लेक्टर, म्हणजे प्रकाश परत फेकणारा फलक, धरलेला असतो. चेहरा पहिल्या नजरेत सपाट वाटतो, परंतु वरचा दिवा खालच्या रिफ्लेक्टरपेक्षा जोरदार असल्याने नाकाखाली आणि गालाच्या हाडाखाली हलकी सावली टिकून राहते. फोटोतील डोळ्यांत एक मोठी चमक वर आणि एक फिकी चमक खाली दिसली, तर ही रचना वापरलेली असण्याची दाट शक्यता असते.

हे सारे महागड्या स्टुडिओशिवाय साधता येते. ऊन येत असलेल्या दाराला पांढरे धोतर किंवा चादर ताणून बांधली की ते कापडच मोठा स्रोत बनते. व्यक्तीला त्यापासून तीनेक फुटांवर, कापड एका बाजूला येईल असे बसवावे आणि तोंड थोडे कापडाकडे वळवून घ्यावे. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची शीट धरावी. ती जवळ आणली की सावली भरते, दूर नेली की गडद होते, आणि या हालचालीत सावलीची कड मात्र तशीच मऊ राहते. सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, भिंती चुन्याच्या असतील तर त्या स्वतःच थर्माकोलचे काम करतात, आणि सावली हवी तेवढी गडद होत नाही. अशा वेळी शीटच्या जागी काळे कापड टांगावे. सावळ्या त्वचेचा घाट सावलीपेक्षा तिच्यावरील चमकेतून अधिक उमटतो, म्हणून अशा चेहऱ्यासाठी मी थर्माकोल बाजूला ठेवून आधी काळे कापडच लावून पाहतो, आणि गालावरची चमक हव्या त्या जागी येईपर्यंत व्यक्तीला किंचित किंचित वळवत राहतो.